पिशव्यांची राखण

घरातली चार-पाच माणसं मिळून कुठे बाहेर पडली की त्यातल्या एकाला सामानापाशी बसावंच लागतं. हे कुणी ठरवत नाही, त्यावर चर्चाही होत नाही. पण कुठलंही घर घ्या, ते माणूस ठरलेलं असतं. लग्नात ते खोलीत बसतं, दवाखान्यात बाकावर, आणि चौपाटीवर चपलांच्या ढिगाशेजारी. फोटोत ते सापडत नाही, कारण सगळेच फोटोत उभे राहिले तर पिशव्या कुणी बघायच्या? कामोठ्याच्या आकाश वाघमारेच्या घरात ते माणूस म्हणजे त्याची आई, बयाबाई.

हे काम बयाबाईंना कुणी दिलेलं नव्हतं आणि त्यांच्याकडून काढून घ्यायची कुणाची छातीही नव्हती, कारण त्यांच्यासारखं ते कुणाला जमलंच नसतं. नुसतं बसणं म्हणजे राखण नव्हे. मोठी बॅग पायाशी, तिचा पट्टा डाव्या घोट्यात अडकवलेला. सुनेची पर्स काखेत, वर पदर. पाण्याची बाटली मांडीवर आडवी. सगळ्यांच्या चपला बाकाखाली जोडीजोडीने, पुढचा भाग बाहेर करून, म्हणजे आलेल्याने नुसता पाय सरकवायचा. आणि नजर? नजर सतत फिरती, पण पिशव्यांच्या कुंपणाबाहेर फारशी न जाणारी. तासन् तास त्या अशा बसू शकत. पाठ टेकवायच्या नाहीत.

सुरुवात झाली ती परभणीकडचं गाव सोडून इकडे आल्यावर. नवरा भगवान आणि त्या नेरूळच्या बाजूला बांधकामावर लागले, तेव्हा तिकडे इमारती उठत होत्या आणि त्या उठवणारी माणसं पालात राहत होती. बायका घमेली घेऊन वर-खाली करायच्या आणि त्यांची गाठोडी, भाकरीची फडकी, रांगती पोरं खाली एका झाडाच्या सावलीला. आकाश पोटात होता तेव्हा मुकादमाने बयाबाईंना काही दिवस खाली बसवलं. म्हणाला, तू सामान बघ, लेकरं बघ. त्या दिवसांत कुणाचं फडकं हरवलं नाही की कुणाचं लेकरू रस्त्यावर गेलं नाही. झालं! आकाश जन्मला, चालायला लागला, शाळा-कॉलेज करून द्रोणागिरीच्या एका गोदामात क्लार्क झाला, पण बयाबाईंचं नाव सामानाशी जे चिकटलं ते काही सुटलं नाही.

सहा डिसेंबरला गावाकडची मंडळी दादरला यायची. भगवान त्यांना आणायला जायचा आणि सगळ्यांची बोचकी मैदानावर एका जागी रचून म्हणायचा, "बया हाय ना." मंडळी रांगेत लागायची. ती दर्शन घेऊन, पुस्तकांचे स्टॉल हिंडून परत येईपर्यंत गाडीची वेळ व्हायची, मग बयाबाई उभ्या राहून लांबूनच चैत्यभूमीच्या दिशेने हात जोडायच्या. किती वर्षं असंच चाललं. पुढे आकाश मोठा झाल्यावर त्याने एकदा त्यांना हाताला धरून आतपर्यंत नेलं. त्या रडल्या, डोकं टेकवलं, सगळं केलं, आणि बाहेर आल्या आल्या पहिला प्रश्न काय, तर "बोचक्यापशी कोन हाय?" भगवान गेल्यावरही मंडळी यायची थांबली नाहीत आणि बयाबाईंचं बसणंही थांबलं नाही.

त्याहून कडी म्हणजे आकाशचं लग्न. हॉल भरलेला, बौद्धाचार्य पंचशील सुरू करायच्या तयारीत, पांढऱ्या कपड्यात नवरानवरी उभी, आणि नवऱ्याची आई गायब. शोधाशोध झाली तेव्हा बयाबाई वरच्या खोलीत वऱ्हाडाच्या सुटकेसी मांडून दाराकडे तोंड करून बसलेल्या सापडल्या. आकाश स्वतः जिना चढून वर गेला होता. तो आजही ही गोष्ट हसत हसत सांगतो. त्याच्या बायकोला, शुभदाला, मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. "तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांची सवय करून ठेवलीय," असं ती त्याला तोंडावर ऐकवते, आणि तिचं काही खोटं नाही.

तर अशा या बयाबाईंनी त्या रविवारी सकाळी पदराला पिन लावली. शुभदाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"आई, आज पिन?"

"वारं असतंय म्हनं खाडीवर," बयाबाई म्हणाल्या आणि लगबगीने डबे भरायला लागल्या.

खाडीच्या काठाला नवं पार्क झालं होतं. मैत्रीच्या वर्गातली निम्मी पोरं तिथे जाऊन आली होती आणि मैत्रीने गेले कित्येक दिवस घरातल्यांचं डोकं खाल्लं होतं. पहिलीतली ही पोर एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की समोरच्याने हात टेकावेत. तिला बाकीच्या खेळांचं एवढं पडलेलं नव्हतं. तिला हवा होता पाण्याच्या अगदी कडेला उभा असलेला मोठा आकाशपाळणा. पण लहान पोरांना त्यात मोठ्या माणसाशिवाय बसवत नाहीत. आकाश तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतूनही खाली बघत नसे, तेव्हा तो बाद. शुभदाच्या कडेवर दीड वर्षाचा धम्मपाल, आणि आई डोळ्यांआड झाली की धम्मू असा काही सूर लावायचा की सोसायटीच्या वॉचमनने वर यावं. राहिलं कोण?

"मी आजीबरोबर बसणार," मैत्रीने आठवड्याभरापूर्वीच जाहीर केलं होतं. "आजी, नक्की ना?"

"बसू की," बयाबाई म्हणाल्या होत्या. पोळी लाटता लाटता, अगदी सहज.

सहज कसलं! तेव्हापासून त्या रविवारचे दिवस मोजत होत्या आणि या वयात असं करणं बरं दिसत नाही म्हणून त्या कुणाला सांगत नव्हत्या. उंचीची त्यांना भीती नव्हती. सातव्या-आठव्या मजल्यापर्यंत त्या बांबूच्या परांचीवरून चढलेल्या होत्या. पण तेव्हा डोक्यावर मालाचं घमेलं, एक हात त्याला, दुसरा हात लुगड्याच्या ओच्याला आणि डोळे पायांखालच्या फळीवर. एवढं उंच जाऊन त्यांनी कधी काही पाहिलंच नव्हतं. एकदा, फक्त एकदा, मोकळ्या हाताने वर जावं, बसून जावं, आणि दिसेल तेवढं बघावं, अशी त्यांची इच्छा होती. इच्छा छोटीच होती, पण इतकी वर्षं मनात राहिलेली होती. आणि सोबतीला नात असणार होती, याहून वेगळं काय हवं?

पार्कात शिरल्यावर सगळं नेहमीसारखं झालं. पाण्याकडच्या भिंतीलगत एक सावलीतलं बाक दिसलं आणि बयाबाईंनी ते हेरलं. "तुमी जा, फिरा. पाळन्याच्या टायमाला मला बोलवा," त्यांनी सांगितलं. शुभदा म्हणाली, इथे लॉकर आहेत, त्यात सगळं टाकू आणि तुम्ही पण चला. बयाबाईंनी लॉकरकडे अशी नजर टाकली की शुभदाने पुढे बोलणं सोडून दिलं. आकाश, शुभदा आणि पोरं छोट्या आगगाडीकडे गेली. बयाबाईंनी पट्टा घोट्यात अडकवला.

थोड्या वेळाने एक बाई आली. वाशीच्या बाजूची असावी, अंगावर चांगला कुर्ता, हात धरून ओढणारी मुलगी. "काकू, तुम्ही इथेच आहात ना?" तिने विचारलं. "मी नंदिनी. हिला, ऋताला, पाण्यात खेळायचंय. एवढी बॅग पाच मिनिटं बघाल का?"

आता हा जो प्रश्न आहे ना, "तुम्ही इथेच आहात ना", तो बयाबाईंना विचारू नये. त्यांच्याकडे त्याला एकच उत्तर होतं.

"हितंच हाय की. ठिवा."

नंदिनीची बॅग ठेवली गेली आणि बहुधा त्या बॅगेनेच घोळ केला. एका बाकावर दोन घरांच्या बॅगा दिसल्या की तिसऱ्याला धीर येतो. शिरवण्याची एक आजी आली, नाव बाळाबाई, नाकात मोठी नथ, काखेत कापडी पिशवी. तिने तर पिशवी आधी ठेवली आणि मग विचारलं, "आगो बाय, बगशील ना जरा? नातवाला झुल्यान बसवतंय नि आयलूच!" मग कॉलेजातली पोरं आली आणि चार हेल्मेटं ठेवून गेली. मग एका बापाने बाबागाडी लावली, रिकामी, पण तिच्या खालच्या जाळीत दुधाच्या बाटल्या. एक गृहस्थ तर सरळ समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, टोकन कुठे मिळतं?"

"कशाचं?"

"सामान ठेवायचं."

बयाबाई हसल्या. "टोकन न्हाई. तुमचं तोंड ध्यानात ऱ्हातंय माझ्या," त्या म्हणाल्या, आणि त्या गृहस्थांची जाडजूड सॅक बाबागाडीच्या डाव्या अंगाला लागली.

खोटं कशाला बोला, बयाबाई खुशीत होत्या. प्रत्येकाचं सामान वेगळं, मध्ये बोटभर जागा सोडून, आणि कुठलं कुणाचं ते डोक्यात पक्कं. एक पोरगी येऊन बाळाबाईंची पिशवी आपली समजून उचलायला लागली तर बयाबाईंनी तिचा हात धरला. "ही नव्हं बाई तुजी. तुजी ती, पिवळी." पोरगी सॉरी म्हणाली आणि पिवळीतली टोपी तेवढी काढून गेली. अधूनमधून आकाश किंवा शुभदा येऊन जात, कधी पाणी प्यायला, कधी धम्मूचे कपडे बदलायला. पहिल्या खेपेला आकाश हसला, दुसऱ्या खेपेला म्हणाला, "आई, काय यार हे, दुकान टाकलंस काय?" आणि तिसऱ्या खेपेला त्याला ढिगातली आपली बॅग सापडायला वेळ लागला.

उन्हं कलली. खाडीवरून वारा सुटला आणि बयाबाईंची पिन किती शहाणपणाची होती ते कळून चुकलं. तेवढ्यात लाऊडस्पीकरवर सूचना आली: वारा वाढत असल्यामुळे आकाशपाळणा लवकर बंद होणार आहे, शेवटच्या फेऱ्या चालू आहेत, ज्यांना बसायचंय त्यांनी रांगेत यावं.

मैत्री पळतच आली. तिच्या मागोमाग शुभदा, खांद्यावर झोपलेला धम्मू, आणि मागून आकाश, हातात अर्धं खाल्लेलं कणीस.

"आजी चल! बंद होतोय! चल ना!"

बयाबाई अर्ध्या उठल्या. घोट्यातला पट्टा ताणला गेला. त्यांनी खाली पाहिलं आणि तशाच परत बसल्या. बाकाभोवती चांगला गुडघ्याएवढा डोंगर झाला होता.

"येते की," त्या म्हणाल्या. "ह्या लोकांना येऊ द्या जरा."

"कुठल्या लोकांना?" शुभदाने विचारलं.

"ज्येंचं हाय त्येंना."

शुभदाने ढिगाकडे नीट पाहिलं. "आई, हे सगळं लोकांचं आहे?"

"पाच मिनिटांचं सांगून गेलेत."

"पाच मिनिटं कधीच झाली!"

आकाशने डोक्याला हात लावला. मग तो कामाला लागला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. बाबागाडीचा बाप त्याने आइस्क्रीमच्या गाडीपाशी शोधून काढला. हेल्मेटवाली पोरं स्वतःच आली, थँक्यू आंटी म्हणून गेली. टोकनवाले गृहस्थही सॅक घेऊन गेले. पण नंदिनीचा पत्ता नव्हता, बाळाबाई कुठल्या झुल्यापाशी आहेत ते कुणाला माहीत नव्हतं, आणि आणखी तीन-चार पिशव्या अशा होत्या की त्यांचे मालक फक्त बयाबाईंनीच पाहिलेले. तिकडे पाळण्याची रांग आखडत चालली होती.

"मी बसतो ना इथे," आकाश म्हणाला. "तू जा. टेन्शन नको घेऊ."

"तू? तू मोबाईल बघत बसशील. सोताचं कनीस कुठं ठिवलंस ते ध्यानात हाय का तुझ्या?"

कणीस बाबागाडीबरोबर गेलं होतं. 

"मग मी थांबते," शुभदा म्हणाली.

"तुला कोन वळखतंय त्यातलं? त्या बाईनं मला इचारलं, हितंच हाव ना म्हनून. म्या हो म्हनले. आता ती आली आन मी नसले तर?"

"तर काय होईल? आम्ही सांगू ना त्यांना!"

"तसं नसतंय पोरी," बयाबाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण ढळणारा नव्हता. "शब्द दिलाय मी."

शुभदाला राग आला. तिचा राग सासूवर नव्हता, असलाच तर त्या हट्टामागच्या सगळ्या वर्षांवर होता. पण तो बोलून दाखवायची ही वेळ नव्हती. बयाबाईंना ते कळत होतं. आणि आपण काय गमावतोय तेही त्यांना चांगलं कळत होतं. वर पाळण्याचे रंगीत डबे एकामागून एक खाडीच्या अंगाला झुकत होते आणि त्यांच्याकडे बघायला नको म्हणून त्या बाळाबाईंच्या पिशवीचा बंद पुन्हा पुन्हा सारखा करत होत्या. 

"मैत्री, तू आईसंगं जा," त्या म्हणाल्या. "धम्मू झोपलाय तंवर जाऊन या. आजी हितनं बघती तुला. हात कर मला वरनं."

मैत्रीने मान हलवली. नाही.

ती रडेल, पाय आपटेल असं सगळ्यांना वाटलं, कारण एरवी तिने तेच केलं असतं. पण मैत्रीने काही केलं नाही. तिने आजीकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं, आणि मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. नंदिनीच्या बॅगेचा पट्टा तिने उचलला आणि स्वतःच्या घोट्यात अडकवला. सँडल काढून बाकाखाली लावले, पुढचा भाग बाहेर करून. पाण्याची बाटली मांडीवर आडवी घेतली. पाठ ताठ.

"आजी, मी बसते सामानाजवळ," ती म्हणाली. "मला सगळं येतं. मी लहान आहे ना, मी नंतर जाईन कधीतरी. तू जा आईबरोबर."

 आकाश उगाच दुसरीकडे बघायला लागला.

तेवढ्यात एक बाई घाईघाईने आली. दुपारी तिने एक छत्री ठेवली होती, आता तिला वर एक पिशवीही ठेवायची होती. बाकाच्या कडेला बसलेली चुणचुणीत पोर दिसल्यावर तिने तिलाच विचारलं, "बाळा, तुम्ही इथेच आहात ना?"

"हो," मैत्री म्हणाली. "मी इथेच आहे. ठेवा."

 बाई पिशवी ठेवून गेलीसुद्धा, आणि पोरीने ती छत्रीशेजारी लावली, मध्ये बोटभर जागा सोडून. बयाबाई बघतच राहिल्या. पोर नुसती नक्कल करत नव्हती. तिने मनापासून पाळी घेतली होती. जिने आठवडाभर पाळणा पाळणा करून घर डोक्यावर घेतलं होतं, ती पोर आता पाळण्याकडे बघत नव्हती. तो डोक्यावर गरगरत होता, त्यातली माणसं ओरडत होती, आणि ही सहा वर्षांची मैत्री पिशव्यांवरून नजर फिरवत होती. मुद्दाम वर न बघणं म्हणजे काय असतं ते बयाबाईंइतकं त्या पार्कात कुणालाच ठाऊक नव्हतं. अंगाला कशी सवय लागते, मग मनाला, आणि मग आपल्याला काही हवं होतं हेच आठवेनासं होतं. हे पोरीने कुणाकडून घेतलं, हे काही कुणी सांगायला नको होतं.

बयाबाईंनी घोट्यातला पट्टा काढला.

"ऊठ," त्या म्हणाल्या.

"पण आजी, ती छत्रीवाली..."

"ऊठ म्हनते ना! तुजं काम न्हाई हे. तू न्हाई बसायचं सामानापशी. आज न्हाई, कवाच न्हाई." त्यांचा आवाज इतका चढला की धम्मू झोपेत चाळवला. मग त्या आकाशकडे वळल्या. "बस हितं."

"मी? पण तू तर म्हणालीस..."

"म्हनले आसन. चुकले. बस. पट्टा पायात घाल. मोबाईल खिशात. बॅग न्यायला एक गोरी बाई यील, निळा कुर्ता. कापडी पिशवी नथवाल्या आजीची. पिवळी एका कवळ्या पोरीची, दुसऱ्या कुनाला देऊ नको. आन कुनी म्हनलं की ती बाई कुठं गेली, तर सांग, पाळन्यात गेली."

आकाश बसला. चौतीस वर्षांचा गडी, पण आईने पहिल्यांदा शाळेच्या बाकावर बसवलं तेव्हा बसला होता तसा मुकाट्याने बसला. शुभदाने सासूच्या काखेतली आपली पर्स काढून घेतली आणि म्हणाली, "पळा आई!"

आणि बयाबाई पळाल्या. त्यांना पळताना आकाशने कधी पाहिलं नव्हतं. एका हाताने साडी उचललेली, दुसऱ्या हातात मैत्रीचा हात, आणि मैत्री अनवाणी, कारण सँडल बाकाखालीच राहिले होते. फाटकाशी पोचतात तो पाळण्याचा माणूस साखळी लावत होता.

"बंद झाला मावशी. वारा बघा किती आहे."

दुसरी कुणी असती तर गयावया केली असती किंवा भांडली असती. बयाबाईंना यातलं काहीच जमत नसे. स्वतःसाठी काही मागायची त्यांना सवयच नव्हती. त्या साखळीसमोर उभ्या राहिल्या, दम लागलेला, आणि त्यांनी जे होतं ते सांगितलं. "मी कदी बसले न्हाई रं दादा. आजवर कशातच बसले न्हाई. ह्या लेकराला बी माझ्यापायी उशीर झाला."

त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, अनवाण्या मैत्रीकडे पाहिलं, मग मागे वळून बघितलं. खाली आलेल्या एका डब्यातून दोघं उतरत होते.

"चला, बसा पटकन," तो म्हणाला. "शेवटची फेरी हं."

दांडी लागली. डबा हलला, मागे झोकांडला आणि उचलला गेला. बयाबाईंचे हात आपोआप मांडीवर काहीतरी शोधायला गेले. तिथे काहीच नव्हतं, ना पर्स, ना बाटली. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. एक त्यांनी दांडीवर ठेवला, दुसरा मैत्रीच्या खांद्यावर.

खालची माणसं लहान होत गेली. भिंत गेली, झाडांचे शेंडे गेले, आणि एकदम पाणी आलं. एवढं पाणी! खाडी लालसर झाली होती, पलीकडे खारफुटीची काळी रांग, तिच्या पल्याड डोंगर, आणि अलीकडे इमारतीच इमारती, खिडक्यांत नुकते दिवे लागलेले. बयाबाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे वळून पाहिलं. कुणी हाक मारत नव्हतं, काही सांडणार नव्हतं, काही हरवणार नव्हतं. पदर पिनेशी झगडत फडफडत होता.

"आजी, पप्पा नीट बसलेत का बघते," मैत्री म्हणाली आणि दांडीवरून खाली वाकायला लागली.

बयाबाईंनी तिची हनुवटी धरून तिचं तोंड पाण्याकडे वळवलं. "ऱ्हाऊ दे पप्पाला. पप्पा मोठा हाय. तू हे बघ."

दोघी बघत राहिल्या. डबा अगदी टोकाला पोचला आणि क्षणभर थांबल्यासारखा झाला. आजीच्या गालावर पाणी आहे असं मैत्रीला दिसलं. आजी पोरांना रागावताना जसं बोलते तसंच तिने विचारलं, "कामून रडायलीस?"

"बरं वाटायलंय," बयाबाई म्हणाल्या. "लई बरं वाटायलंय मला."

मग डबा टोकावरून पलीकडे सुटला, पोटात खड्डा पडला, आणि बयाबाई ओरडल्या. केवढ्याने! खाली बाकावर बसलेल्या आकाशने तो आवाज ऐकला, पण त्याला तो ओळखू आला नाही, कारण आपली आई अशी ओरडू शकते हे त्याला माहीत नव्हतं. मैत्री आधी दचकली आणि मग खिदळायला लागली.

"आजी, अजून एकदा!"

"आता वर जाऊ दे," बयाबाईंनी सांगितलं, दांडीवरचा हात सोडला आणि डबा वर चढायची वाट बघत बसल्या.